खुणांची साफसफाई

(अमरावती येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवरचा विषय वाचूनही आपण आलात, म्हणजे एक तर उद्याच्या वक्त्याची तारीख चुकली असेल, नाहीतर घरात कोणीतरी संगणकाचं शिकत असेल. मी दुसरं धरून चालतो. अमरावती-अकोल्यात आता घरटी नाही तरी गल्लीगणिक एक इंजिनीअर सापडतोच. पण आपण रोज वापरतो त्या लायब्ररीचं मॅन्युअल किती जणांनी मन लावून वाचलंय? लायब्ररी म्हणजे इथे वाचनालय नव्हे. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या, आपल्या प्रोग्रॅममधून हाक मारली की काम करून देणाऱ्या फंक्शनांचा तो संग्रह. कोणतं फंक्शन काय मागतं आणि काय देतं, ते ज्यात सांगितलेलं असतं ते तिचं रेफरन्स मॅन्युअल. आज मी त्यातल्या मजकुराबद्दल फारसं बोलणार नाही. मजकुराला लावलेल्या खुणांबद्दल, मार्कअपबद्दल बोलणार आहे.

थेट उदाहरणच घेऊ. ग्नू सी लायब्ररी. लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमांचं तिच्यावाचून पान हलत नाही. तिचं मॅन्युअल टेक्सइन्फो नावाच्या पद्धतीत लिहिलेलं आहे. एकाच मूळ फाइलीतून छापील पुस्तक निघतं आणि टर्मिनलवर वाचायचं इन्फो रूपही निघतं. त्यात मेमकॉपी हे फंक्शन आहे. मेमरीतल्या एका जागेवरच्या बाइटांची नक्कल ते दुसऱ्या जागी ठेवतं. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठे, कुठून आणि किती. मॅन्युअलने त्यांची नावं ठेवलीत टू, फ्रॉम आणि साइझ. आता पंचाईत बघा. वर्णन इंग्रजीत, त्यामुळे वर्णनाच्या वाक्यात फ्रॉम दोनदा येतो. एकदा व्याकरणातला साधा शब्द म्हणून आणि एकदा त्या जागेचं नाव म्हणून. दोघांतला फरक वाचणाऱ्याला कळतो तो निव्वळ खुणेमुळे. नावाला 'व्हार' ही खूण लावलेली असते, म्हणजे 'इथे तुमची किंमत येईल'. छापील पानावर ते नाव तिरप्या अक्षरात येतं आणि इन्फोमध्ये कॅपिटल अक्षरांत.

एखाद्याने घाईत 'व्हार'ऐवजी 'तिरपं करा' एवढीच खूण दिली, तर छापील पान तसंच्या तसं दिसेल. प्रूफ वाचणाराही ते पास करेल. इन्फोमध्ये मात्र तिरपेपणाची खूण गळून पडते आणि दोन्ही फ्रॉम एकसारखे होतात. नव्याने शिकणारा पोरगा तिथे अडकतो आणि दोष आपल्या इंग्रजीला देतो. माझा सगळा आग्रह या एका जागेवर उभा आहे. खुणेने वस्तू काय आहे ते सांगावं, दिसण्याचं काय ते छापणारं यंत्र बघून घेईल.

दुसरा दोष आणखी बारीक आहे. कमांडला द्यायचे पुष्कळ पर्याय दोन आडव्या रेघांनी सुरू होतात, जसं --हेल्प. टेक्सइन्फोत साध्या मजकुरात दोन रेघा लागोपाठ लिहिल्या की त्यांची छपाईतली एक लांब रेघ होते. पर्यायाची खूण लावायची राहिली, तर पुस्तकात –हेल्प असं येतं. दिसायला झकास! वाचकाने ते उचलून जसंच्या तसं टर्मिनलवर चिकटवलं, की प्रोग्रॅम म्हणतो, हे काय आहे ते मला ठाऊक नाही. मॅन्युअलमधला प्रत्येक शब्द बरोबर, लेखक विद्वान, आणि वाचक उपाशी.

अनुक्रमणिकेचंही तसंच. फंक्शनाची ओळख करून देण्यासाठी टेक्सइन्फोत डेफटाइपफन नावाची खूण आहे. नावात फन असलं तरी काम गंभीर आहे: तिने लावलेलं नाव आपोआप फंक्शनांच्या सूचीत जाऊन बसतं. कोणी हौसेने ते नाव नुसतं ठळक करून मोकळा झाला, तर पानावर ते उठून दिसेल, पण सूचीत ते नाहीच. आणि संदर्भग्रंथ कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही, सूचीतूनच आत शिरतो.

जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांचं मॅन्युअल प्रोग्रॅममधल्या टिपांमधूनच तयार होतं आणि त्या टिपा सहसा एचटीएमएल, म्हणजे वेबपानांच्या खुणांची भाषा, समजून वाचल्या जातात. तिथे कोणी सरळ लिस्ट<स्ट्रिंग> असं लिहिलं, तर ब्राउझरला तो कंसातला शब्द म्हणजे अनोळखी खूण वाटते आणि तो तिला गिळून टाकतो. पानावर उरते नुसती लिस्ट. कसली लिस्ट, ते गेलं. वर्षानुवर्षं असा मजकूर साचत राहिला. 2014 मध्ये जावा 8 आली, तिने या खुणांची कडक तपासणी सुरू केली आणि कालपर्यंत बिनबोभाट तयार होणारी मॅन्युअलं धडाधड अडली. मग लोकांनी काय केलं? काहींनी चुका दुरुस्त केल्या. पुष्कळांनी तपासणीच बंद करायचा पर्याय शोधला आणि तो एकमेकांच्या फाइलींमधून उतरवून घेतला. 'आधी तर चालत होतं ना' हे वाक्य आपल्या कचेऱ्यांत ऐकू येतं, तसं सॉफ्टवेअरमध्येही. टेक्सइन्फोची पाचवी आवृत्ती 2013 मध्ये नव्याने लिहून आली, तेव्हा तिच्याही कडकपणावर कुरकुर झालीच होती.

हे सगळं परक्या मुलखातलं वाटत असेल, तर मोर्शी तालुक्यात रिद्धपूरला जाऊन या. मराठी भाषा विद्यापीठ 2024 पासून तिथे सुरू झालंय ते उगाच नाही. तिथल्या महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्रासाठी, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथासाठी, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या. पुढे त्याचे निरनिराळे पाठ झाले आणि एखादी लीळा अमक्याच्या मते अशी आहे, असं पोथीत नावानिशी नोंदवलेलं सापडतं. कोण काय म्हणालं हे पुसून एकच गुळगुळीत कथा करणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही.

त्याच पंथातल्या केसोबासांचा दृष्टान्तपाठ घ्या. त्यात 114 दृष्टान्त आहेत. प्रत्येकाचे तीन भाग: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचे, दार्ष्टान्तिक केसोबासांचं. उद्या कोणी हा ग्रंथ संगणकावर चढवताना तिन्ही भागांना 'परिच्छेद' अशी एकच खूण दिली, तर पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसणार नाही. पण केवळ स्वामींची वचनं काढून द्या, असं यंत्राला सांगितलं, तर ते केसोबासांचं विवेचनही त्यात कालवून देईल. ग्रंथ संगणकावर चढवताना लावायच्या खुणांसाठी निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासकांनी 1987 मध्ये टीईआय नावाचा उपक्रम सुरू केला. त्यांच्या खुणांमध्ये पाठभेदासाठी वेगळी जागा आहे आणि तो पाठ कोणत्या साक्षीदार पोथीतला, हे त्या खुणेतच लिहिता येतं. रिद्धपूरची मंडळी हे काम कागदावर करत होती.

आता प्रत्यक्ष साफसफाई. निंदायला बसलेल्या नवख्या मजुराने तणाबरोबर पराटीही उपटावी, तसं इथे फार होतं. एक 'शोधा आणि बदला' चालवून सगळ्या तिरप्या खुणा 'व्हार' करून टाकायच्या, म्हणजे पुस्तकांची नावंही व्हार झाली आणि जोर द्यायला तिरपे केलेले शब्दही! यंत्राला तेवढंच द्यावं, जिथे निवड करायची नाही. बंद न केलेली खूण बंद करणं, कंसाचं चिन्ह सुरक्षित करणं, ही कामं त्याची.

आणि खुणा बदलताना भाषा सुधारू नका. वाक्य अगदीच बोजड असलं तरी हात आवरा. एकाच पॅचमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच गठ्ठ्यात, खुणाही बदलल्या आणि शब्दही बदलले, तर तपासणाऱ्याला काय कशामुळे बदललं ते कळत नाही. तो 'पाहू मंग' म्हणतो आणि तुमचं काम महिनोन् महिने पडून राहतं. बदलाआधीचं आणि नंतरचं मॅन्युअल दोन्ही तयार करा, छापील आणि इन्फो, आणि ओळीला ओळ लावून बघा. जिथे काहीच बदलायला नको होतं तिथे एक अक्षर जरी हललं, तरी थांबा.

तरीही काही जागा अशा उरतात, ज्या ना यंत्राला उलगडतात, ना आपल्याला. साइझ हा शब्द वाक्यात आलाय. तो फंक्शनाला दिलेल्या संख्येचं नाव आहे, की साधा 'आकार'? दोन्ही अर्थ लागतात आणि त्यांप्रमाणे फंक्शनाच्या वागण्याचा अर्थ वेगळा होतो. तिथे अंदाजाने खूण लावू नका. टेक्सइन्फोत ओळीच्या सुरुवातीला @सी लिहिलं की ती ओळ वाचकाला दिसत नाही, फक्त पुढच्या संपादकाला दिसते. तिथे शंका लिहून ठेवा, फंक्शनाचा सोर्स, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, उघडा, आणि त्यातूनही नाही उमगलं तर ज्याने ते लिहिलं त्याला विचारा.

माझी वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.