तळपाय बघितलात का?

ताथवड्यात डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाची जैवतंत्रज्ञान आणि जैवमाहितीशास्त्र शिकवणारी संस्था आहे. अशा ठिकाणचा विद्यार्थी आज संगणकापुढे बसून त्वचेच्या कर्करोगाचा अभ्यास करू शकतो. कसा, ते सांगतो.

माणसाच्या पेशीत प्रथिनं घडवणारी सुमारे 20,000 जनुकं असतात. त्वचेत तीच, यकृतातही तीच. फरक पडतो तो कोणतं जनुक किती चालतं यात. चाकणच्या कारखान्यात सगळी ड्रॉइंग कपाटात असतात. आज कोणता पार्ट किती काढायचा, ते जॉबकार्ड सांगतं. पेशीतलं जॉबकार्ड म्हणजे आरएनए. कर्करोगाच्या गाठीतला आरएनए वेगळा काढायचा, त्याची डीएनए प्रत करायची, तिचे लाखो तुकडे यंत्रावर वाचायचे आणि कोणत्या जनुकाचे किती आले ते मोजायचं. हेच आरएनए सिक्वेन्सिंग.

अमेरिकेच्या ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ या प्रकल्पाने 2015 मध्ये मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाच्या, 333 गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आरएनएवरून त्यांचे तीन गट पडले. ज्यांच्या गाठींत रोगप्रतिकारक पेशींची जनुकं जोरात चालू होती, ते रुग्ण तुलनेनं जास्त जगले. ही माहिती संशोधकांना खुली आहे, म्हणून संगणकापुढे बसूनही तिचा अभ्यास करता येतो.

पण ते रुग्ण बहुतेक गोरे, आणि त्यांच्या रोगामागे मुख्यतः ऊन. आपल्याकडे मेलॅनोमा विरळा. होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. गायक बॉब मार्ले 1981 मध्ये गेला, तो पायाच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच मेलॅनोमानं. या प्रकारात उन्हामुळे होणारे जनुकीय बदल कमी सापडतात. तेव्हा परदेशातल्या आकड्यांवर आपलं भागणार नाही. आपल्या रुग्णांचा आरएनए वाचायला हवा.

आरएनए मात्र फार नाजूक. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यात त्याची मोडतोड होते. गाठ काढल्याबरोबर थोडा भाग गोठवावा लागतो, म्हणून रुग्णाची संमती आधीच घ्यावी लागते.

दिवसभर सेफ्टी शूज घालणाऱ्यांना एक सांगणं. बुटानं हा रोग होतो असं नाही, पण बुटात पाय दिसत नाही. आंघोळीनंतर तळपाय बघा. वाढणारा, रंग बदलणारा डाग कुरूप समजून ब्लेडनं तासू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि संशोधनासाठी तुकडा मागितला, तर नीट विचारून घ्या. पटलं तर जरूर द्या.