डिसोझा या आडनांवाची कथा
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचीं पानें उलटतांना एक आडनांव पुन्हां पुन्हां डोळ्यांसमोर येतें, तें म्हणजे डिसोझा. मीहि त्याच आडनांवाचा. या नांवाविषयीं दोन प्रकारचे लोक मला भेटतात. एक म्हणतात, हें थोर घराण्याचें नांव, आम्हांस त्याचा अभिमान आहे. दुसरे, विशेषतः तरुण, विचारतात, हें परक्याचें ओझें आम्हीं कां वाहावें? दोघांनाहि आज उत्तर देण्याचें मीं योजिलें आहे.

हें मूळचें माणसाचें नांवच नव्हे. पोर्तुगालच्या उत्तर भागांत सोझा नांवाची एक लहानशी नदी आहे. ती दौरो नदीस मिळते. तिच्या कांठच्या प्रदेशावरून तेथील एक सरदारघराणें 'द सोझा', म्हणजे सोझाचें, असें म्हणवूं लागलें. आपल्याकडे चिपळूणचे ते चिपळूणकर, तसेंच हें.

याच नांवाच्या मार्तिम अफोंसो द सोझा यानें १५३२ सालीं ब्राझील देशांत सां विसेंत हें गांव वसविलें. पुढें तो हिंदुस्थानांत पोर्तुगीज गव्हर्नर होऊन आला. त्याच्याबरोबर निघालेले संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. तोमे द सोझा हा ब्राझीलचा पहिला गव्हर्नर-जनरल. त्यानें १५४९ सालीं साल्वादोर शहराचा पाया घातला. त्याच देशांत सोझा नांवाचें एक शहरहि आहे. तेथील खडकांवर डायनोसॉर या प्राचीन महाकाय प्राण्यांचीं पावलें उमटलेलीं दिसतात.

मग आपण या सरदारांचे वंशज काय? तसें समजण्यास आधार नाहीं. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्या काळीं बाप्तिस्मा घेणारास बहुधा धर्मपित्याचें किंवा धर्मगुरूचें आडनांव मिळे. नांव दूरच्या नदीचें, पण रक्त येथल्याच मातीचें! तेव्हां कुळाचा गर्व करण्यास येथें जागा नाहीं.

शिवाय नांवाबरोबर पुण्यहि येत नाहीं. साल्वादोर येथें जन्मलेला फ्रांसिस्को फेलिश द सोझा पश्चिम आफ्रिकेंत दाहोमी राज्यांतील विदा बंदरीं जाऊन राहिला. माणसें विकून तो अतोनात श्रीमंत झाला व १८४९ सालीं मरण पावला. नांव तेंच, आणि धंदा मनुष्यविक्रयाचा!

आतां दुसरा पाहा. १९४० च्या जून महिन्यांत जर्मन सैन्यापुढें पळणारे निर्वासित फ्रान्समधील बोर्दो शहरीं जमले. तेथील पोर्तुगीज कॉन्सल आरिस्तिदेस द सोझा मेंदिश हा निष्ठावंत कॅथलिक गृहस्थ. अशा लोकांस परवाने देऊं नयेत, अशी त्याच्या सरकारची आज्ञा होती. ती मोडून त्यानें हजारों लोकांस, त्यांत अनेक यहुदी, परवाने लिहून दिले. त्याची नोकरी गेली, आणि १९५४ सालीं तो दारिद्र्यांत वारला. यहुदी लोकांनीं १९६६ सालीं त्याचा गौरव केला. त्याच्या स्वदेशानें २०२१ सालीं राष्ट्रीय स्मृतिमंदिरांत त्यास मानाचें स्थान दिलें.

आपल्या जवळचें उदाहरण पूजनीय आग्नेल द सोझा यांचें. १८६९ सालीं गोव्यांत हणजुणें येथें जन्म, १९२७ सालीं रायतूर येथें मृत्यु. हा पिळारच्या मठाचा साधा धर्मोपदेशक. त्यानें ना शहर वसविलें, ना राज्य केलें. तरी त्याच्या समाधीपाशीं आजहि भाविक गुडघे टेकतात.

बंधुभगिनींनो, विदाच्या व्यापाऱ्याचें आणि बोर्दोच्या कॉन्सलचें आडनांव एकच. तें एकानें काळें केलें, दुसऱ्यानें उजळलें. म्हणून अभिमानी जनांस मी म्हणतों, नांवावर विसंबूं नका. आणि तरुणांस म्हणतों, त्याची लाजहि बाळगूं नका. आपल्या वाडवडिलांनीं तें शेतांत राबून, मुलांस शिकवून, हें देऊळ उभारून आपलेंसें केलें आहे. आतां तें परक्याचें राहिलें नाहीं.

नोंदवहींत पुढच्या रविवारीं आणखी एका बाळाचें नांव लिहिलें जाईल. त्या नांवास कोणता अर्थ येईल, हें नदी ठरविणार नाहीं आणि सरदारहि ठरविणार नाहीं. तें त्या बाळाच्या आणि आपल्या वागणुकीवर अवलंबून आहे.