आठात तीन टाळ्या

आज माझ्याबरोबर थोडं मोजा. एक ते आठ म्हणत राहा आणि पहिल्या, चौथ्या व सातव्या मात्रेवर टाळी द्या. आठ झाले की न थांबता पुन्हा एक. तीन, तीन, दोन. जमलं? क्यूबात या नमुन्याला त्रेसिय्यो म्हणतात. तिथल्या हाबानेरा नृत्यसंगीतात तो आहे, न्यू ऑर्लिन्सच्या जॅझमध्येही आहे.

आता पायानं एक, तीन, पाच, सातवर ठेका धरा. पहिली आणि तिसरी टाळी पायाबरोबर पडते. मधली मात्र दोन पावलांच्या मध्ये. या नमुन्याचा सगळा जीव मला त्या मधल्या टाळीत वाटतो. आठात चार टाळ्या दिल्या असत्या, तर ही ओढ आलीच नसती.

हा नमुना गणितानंही मिळतो. तीन टाळ्या आणि पाच रिकाम्या मात्रा घ्या. प्रत्येक टाळीमागे एक रिकामी मात्रा ठेवली की दोन उरतात. त्या पहिल्या दोन टाळ्यांना द्या. झालं, तीन-तीन-दोन! उरलेलं पुन्हा वाटत जायची ही रीत शाळेतल्या मसाविची. युक्लिडनं ती इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहून ठेवली. जगातले कितीतरी पारंपरिक ठेके याच रीतीनं निघतात, हे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले गॉडफ्रीड तूसाँ यांनी २००५ साली दाखवलं. त्यासाठी त्यांनी वापरलेली पद्धत एरिक ब्योर्कलुंड यांची, आणि ती मुळात न्यूट्रॉन-यंत्रातले स्पंद शक्य तितक्या सारख्या अंतरानं सोडण्यासाठी होती!

सात मात्रांत तीन आघात बसवा आणि उरलेली मात्रा शेवटच्या आघाताला द्या. बल्गेरियातल्या राचेनित्सा नाचाचे दोन-दोन-तीन मिळतात. तेच चक्र शेवटच्या तीनपासून मोजा, की आपल्या रूपक तालाचे तीन-दोन-दोन विभाग समोर येतात. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन या हिशेबात बसतात, दीपचंदीचे तीन-चार-तीन-चारही.

धमार मात्र बसत नाही. दीपचंदीसारख्या त्याच्याही मात्रा चौदा, विभागही चार, पण पाच-दोन-तीन-चार असे. समान वाटणीचा इथे प्रश्नच नाही, आणि तरीही पखवाजावर तो शतकानुशतकं डौलात चालत आला आहे. होळीच्या दिवसांत दीपचंदीतली एखादी ठुमरी ऐका, लगेच धमारातली होरी लावा, आणि दोन्हींचे विभाग हातावर मोजून पाहा.