हृदयरोग्याची धडधड : थांबावे केव्हा, धावावे केव्हा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 विषय लहान आहे; परंतु ज्या घरात हृदयविकाराचा रुग्ण आहे, त्या घराच्या दृष्टीने तो मुळीच लहान नाही. असा रुग्ण रात्री अकस्मात ‘छातीत फार धडधडते आहे’ असे म्हणाला, तर घरच्या माणसांनी काय करावे, एवढाच प्रश्न आहे.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला साधारणतः ६० ते १०० वेळा पडते. जिना चढल्याने, तापाने, रागाने किंवा भीतीने ती वाढते आणि कारण सरले की हळूहळू उतरते. या धडधडीचे भय बाळगण्याचे कारण नाही.

परंतु ज्याला पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याच्या हृदयाच्या स्नायूवर वण राहिलेला असतो. त्या वणाभोवती विद्युत्प्रेरणा चक्राकार फिरू लागली, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, अर्थात जवनिका, भरधाव धडधडू लागतात. रहाटगाडगे अतिवेगाने फिरले आणि गाडगी भरण्यापूर्वीच वर आली, तर पाटाला पाणी कोठून मिळणार? तसेच येथे होते. ठोके पुष्कळ, पण मेंदूला पोचणारे रक्त थोडे. हीच गती पुढे बिघडली, तर हृदय नुसते थरथरत राहते आणि काही मिनिटांत प्राण जातो.

म्हणून केवळ नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. धडधडीच्या सोबतीला काय आले आहे ते पाहावे. छातीत वेदना किंवा दडपण, धाप, घेरी वा मूर्च्छा, थंड घाम, बोलण्यातील असंबद्धता, तोंड वाकडे होणे किंवा हात लुळा पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. यांपैकी काहीच नसले, परंतु विश्रांतीनंतरही नाडी १२० च्या वर टिकून राहिली, तर त्याच वेळी डॉक्टरांना विचारावे. सकाळची वाट पाहू नये. ज्यांच्या छातीत विजेचा झटका देणारे यंत्र बसविले आहे, त्यांना एका दिवसात दोन झटके बसले तरी तातडीने रुग्णालयात जावे.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत रुग्णाला जिना उतरू देऊ नये, स्वतः गाडी चालवू देऊ नये आणि शेजाऱ्याला गुण आलेली गोळी तर मुळीच देऊ नये. औषधांच्या चिठ्ठ्या व पूर्वीचा हृदयालेख बरोबर घ्यावा. रुग्ण बेशुद्ध पडून त्याचा श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल, दाब देत राहावे.

इतकी घाई कशासाठी, असे कोणी विचारील. १९६२ साली डॉ. बर्नार्ड लाऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या ठोक्याशी मेळ घालून विजेचा झटका देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. भरकटलेले हृदय तिने पुष्कळदा क्षणार्धात ताळ्यावर येते. उपाय क्षणाचा आहे. मात्र तो रुग्णालयात आहे, आपल्या माजघरात नाही.

आणि आपला खरा शत्रू माजघरातच असतो. त्याचे नाव भीड. ‘पित्त झाले असेल’, ‘एवढ्या रात्री कोणाला उठवायचे?’, ‘उगाच खर्च होईल’, अशा बोलण्यात मोलाचा वेळ निघून जातो. आपल्या माताभगिनी तर स्वतःचे दुखणे पदराआड झाकण्यात भूषण मानतात. रुग्णालयात जाऊन काही निघाले नाही, तर त्यात लाज कसली? फुकट गेलेली खेप परवडते; न घातलेली खेप परवडत नाही.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. प्रत्येक घरात १०८ हा क्रमांक आणि आपल्या डॉक्टरांचा क्रमांक ठळक अक्षरांत भिंतीवर लावावा. आणि मंडळाने तरुण सभासदांसाठी छातीवर दाब देण्याच्या शिक्षणाचा वर्ग भरवावा.