मुंग्या नेमक्या कुठे येतात?

हातापायांना मुंग्या आल्या की बरेच जण थेट औषधाच्या दुकानातून ‘नसांच्या गोळ्या’ आणतात. मी मात्र आधी विचारतो, बधिरपणा नेमका कुठे आहे? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं, करंगळी मात्र ठीक असते? मग बहुधा मनगटात नस दबते आहे. करंगळीच बधिर असेल तर मी कोपर तपासतो.

दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन, मोजा चढवावा तसा बधिरपणा वर सरकत असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. बी-१२ कमी असलं तरी असं होतं. शाकाहारी लोकांनी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनी तेही तपासावं. बधिर पायाला चप्पल चावलेली कळत नाही, म्हणून रोज रात्री तळवे पाहा.

त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही? कुष्ठरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं, आजार पूर्ण बरा होतो.

पण एका बाजूचा हात-पाय अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देता येतं. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.