परभाषी देशांतील इंग्रजी माध्यमाच्या पदव्या
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीकडे येणाऱ्या अर्जांचे स्वरूप अलीकडे पालटले आहे. पूर्वी परदेशी जाणारा मुलगा म्हटला की तो येथील पदवी पदरात पाडून पुढील अभ्यासासाठी इंग्लंड वा अमेरिकेस निघालेला असे. आता बारावीचा निकाल हाती पडतो न पडतो तोच जर्मनी, हॉलंड, इटली, हंगेरी, जपान ही नावे घरोघरी ऐकू येतात. आणि “तेथे सर्व काही इंग्रजीतूनच शिकवितात, फीही नाही” हे वाक्य त्या नावांच्या मागोमाग येते. या वाक्यात सत्य किती आणि भर किती, एवढेच आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रकार तसा जुना नव्हे. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या तेव्हा त्यांना आपला प्रबंध जर्मन भाषेतच सिद्ध करावा लागला. दुसरा मार्गच नव्हता. पुढे १९९९ साली बोलोन्या येथे युरोपीय राष्ट्रांनी आपल्या पदव्यांचा साचा एकसारखा करण्याचा जाहीरनामा काढला, आणि पहिली पदवी व त्यावरील पदवी अशी मांडणी बहुतेक ठिकाणी रूढ झाली. परदेशी विद्यार्थी हवा तर त्याला समजणाऱ्या भाषेत शिकविले पाहिजे, हे मग ओघानेच आले. जपानातही तरुणांची संख्या घटू लागली, तेव्हा २००९ साली सरकारने तेरा विद्यापीठे निवडून इंग्रजी अभ्यासक्रमांस द्रव्यसाहाय्य दिले. आपल्या मुलांवरील प्रेमाने ही दारे उघडली नाहीत, एवढे ध्यानात असू द्यावे. त्या त्या देशाची गरज पालटली की दार किलकिले होते.

त्याची साक्ष ताजी आहे. डेन्मार्कने २००६, स्वीडनने २०११, फिनलंडने २०१७ आणि नॉर्वेने २०२३ साली युरोपबाहेरील विद्यार्थ्यांस शुल्क लावले. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे आजही शिकवणीचे शुल्क घेत नाहीत. परंतु बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताने २०१७ पासून दर सहामाहीस १,५०० युरो घेण्यास प्रारंभ केला आणि म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांस शुल्क लागू केले. जुन्या माहितीपत्रकावर विसंबून कोणी घरचे आकडे मांडू नयेत.

जर्मनीविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण सर्वाधिक गैरसमज तेथलाच. तेथे इंग्रजी अभ्यासक्रम विपुल आहेत ते पदव्युत्तर. पहिली पदवी सरकारी विद्यापीठांत प्रायः जर्मन भाषेतूनच दिली जाते. इंग्रजीतील थोड्या जागांसाठी चुरस असते. मग मध्यस्थ मंडळी पालकांस खाजगी संस्थेकडे वळवितात. तेथे इंग्रजी असते, आणि शुल्कही भरपूर असते. ‘जर्मनी फुकट’ ही जाहिरात आणि हाती येणारी पावती यांतील अंतर ते असे.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. आपली बारावी ही तेथील शालान्त परीक्षेच्या तोडीची सर्वस्वी धरीत नाहीत. येथील मान्य विद्यापीठात पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पुरे करावे, अथवा जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावे, म्हणजे संबंधित शाखेस थेट प्रवेशाची वाट मिळते. एरवी ‘स्टुडिएनकोलेग’ नावाच्या पूर्वतयारीच्या वर्गात वर्षभर बसावे लागते, आणि तो वर्ग बहुधा जर्मनमधूनच चालतो! शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडील विद्यार्थ्यांस कागदपत्रांच्या पडताळणीचे ‘एपीएस’ प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. त्यात वेळ मोडतो. व्हिसासाठी एका वर्षाचा निर्वाह बांधील खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक ठरली. शुल्क नाही म्हणून खर्च नाही असे नव्हे.

हॉलंडात याउलट चित्र आहे. इंग्रजीतून पहिली पदवी देण्यात तो देश पुढे गेला. १९९८ साली उट्रेख्टला त्या धर्तीचे निवासी महाविद्यालय निघाले आणि इतरांनी कित्ता गिरविला. परंतु आपल्या मुलांस शुल्क युरोपीय विद्यार्थ्यांच्या कितीतरी पट पडते, राहावयास खोली मिळणे कठीण, आणि इंग्रजीचा पसारा आवरावा असा सूर तेथील राजकारणातच निघू लागला आहे. इटलीत सरकारी विद्यापीठांचे शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते; प्रांतिक शिष्यवृत्तीही उत्पन्न पाहूनच मिळते. बेताच्या मिळकतीच्या घरांनी हा देश नीट पाहावा असे आमचे मत आहे. मात्र उत्पन्नाचे दाखले, त्यांचे भाषांतर आणि अपॉस्टिल यांची धावपळ वेळेआधी करावी लागते.

वैद्यकाचा विषय वेगळा, आणि तेथे चूक झाली तर आयुष्याची वर्षे जातात. परदेशी वैद्यक शिकून येथे व्यवसाय करावयाचा तर निघण्यापूर्वी ‘नीट’ उत्तीर्ण होणे २०१८ पासून सक्तीचे आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची उमेदवारी हवी, आणि त्या देशात वैद्यकी करण्यास ती पदवी पात्र हवी. हंगेरीत वर्गात इंग्रजी चालेल. पण खाटेवरचा रुग्ण हंगेरीतच विव्हळणार. म्हणून तेथील इंग्रजी शाखेच्या विद्यार्थ्यांसही हंगेरी शिकावी लागते. युद्धामुळे २०२२ साली युक्रेनहून हजारो मुले अभ्यास अर्धा टाकून परतली, हेही पालकांच्या स्मरणात असेलच.

तेव्हा शोध करावा कसा? मध्यस्थाच्या यादीपासून नव्हे. जर्मनीसाठी ‘डाड’ या विनिमय संस्थेची सूची आहे, इटलीसाठी ‘युनिव्हर्सइटाली’ हे सरकारी दालन आहे. सूचीत नाव आढळले की विद्यापीठाचे स्वतःचे पान उघडून माध्यमाची ओळ शेवटपर्यंत वाचावी. काही ठिकाणी पहिले वर्ष इंग्रजीत आणि पुढील भाग स्थानिक भाषेत असतो. काही ठिकाणी शिकवणे इंग्रजीत, पण प्रात्यक्षिक उमेदवारी कारखान्यात, जेथे मुकादम इंग्रजी बोलत नाही. शंका राहिली तर प्रवेश विभागास पत्र धाडून लेखी उत्तर घ्यावे.

आणखी एक. पदवी इंग्रजीतून झाली तरी भाजी, घरमालक, दवाखाना आणि पुढे नोकरी ही सारी त्या देशाच्याच भाषेत. विद्यार्थ्यास जर्मनीत वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे खरी. पण भाषा नसेल तर ती मुभा भांडी घासण्यापलीकडे क्वचितच जाते. वर्गात सारे इंग्रजी बोलतात म्हणून भाषा टाळणारा मुलगा तीन वर्षे आपल्याच मुलांच्या घोळक्यात राहून परत येतो.

याचसाठी निधीच्या चालकांना आमची एक सूचना आहे. आज आपण कर्ज देतो ते प्रवेशपत्र व व्हिसा हाती आल्यावर, म्हणजे सर्व निर्णय होऊन गेल्यावर. त्याऐवजी अकरावीतच, पुणे-मुंबईच्या मॅक्सम्युल्लर भवनातील वा तत्सम भाषावर्गाचे शुल्क निधीने द्यावे. रक्कम लहान आहे. मुलगा वा मुलगी वर्षभर टिकली तर पुढील कर्जाचा विचार करावा. न टिकली तर घर तारण ठेवण्याआधीच ते कळेल. मुलींच्या बाबतीत पालक कचरतात आणि अर्जच करीत नाहीत. तेव्हा या वर्गांतील निम्म्या जागा मुलींसाठी राखाव्यात असेही आम्ही सुचवितो. ठरावाचा मसुदा चिटणीसांकडे दिला असून तो उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेत चर्चेस येईल. ज्यांची मुले यंदा दहावीस आहेत त्यांनी त्या सभेस अवश्य बसावे.