हौसेची पाळी

(आपल्या १९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, तर तंत्रज्ञानावर दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं. पण काल रात्री विचार करताना वाटलं, तंत्रज्ञान आता सगळ्यांच्या खिशात आहे. त्यापेक्षा आपल्या घरात घडलेली एक गोष्ट सांगावी. समोर आमचे सर आणि बाई बसले आहेत, ते सगळे निवृत्त झालेत. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे आईवडील निवृत्त आहेत. आणि आम्ही स्वतः त्याच रस्त्यावर बारा-पंधरा वर्षं मागे आहोत. तर विषय असा आहे, की निवृत्तीनंतर स्वतःवर पैसे खर्च करायचे की नाही, आणि करायचे तर कशावर.

माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, पाटबंधारे खात्यात लिपिक होते. २००२ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. तुमच्यातले बरेच जण आमच्या घरी येऊन गेलेत, तुम्हाला त्यांची ती लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबाची वही आठवत असेल. रोज रात्री जेवण झालं की आण्णा वही काढायचे. दूध, भाजी, रिक्षा, सगळं त्यात. त्यांचा एक नियम होता, तो आम्हाला पाढ्यासारखा पाठ होता: "आधी गरज, मग सोय, मग हौस."

नियमात चूक काहीच नव्हती. एका पगारात तीन मुलांची शिक्षणं, आजीचं आजारपण, गावाकडचं घर. त्या नियमावर आमचं घर उभं राहिलं. मी इंजिनिअर झाले ती त्याच वहीच्या जिवावर. अडचण पुढे आली. तिन्ही मुलं मार्गी लागली, पेन्शन सुरू झाली, दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता वाढायला लागला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवले, त्याचं दर तीन महिन्यांनी व्याज यायला लागलं. आणि आण्णा काय करायचे? त्या व्याजाची नवी ठेव करायचे! गरजा भागल्या होत्या, तरी हौसेची पाळी काही येत नव्हती. सोयीचीही येत नव्हती.

आता थोडं माझ्या कामाबद्दल सांगते, म्हणजे संयोजकही नाराज होणार नाहीत. कॉम्प्युटरमध्ये एकाच वेळी पुष्कळ कामं रांगेत असतात. ज्याचं महत्त्व जास्त ते आधी, असा क्रम लावता येतो. पण त्यात एक धोका असतो. दवाखान्याचं उदाहरण घ्या. डॉक्टर म्हणाले, गंभीर पेशंट आधी. योग्यच आहे. पण गंभीर पेशंट येतच राहिले, तर साध्या खोकल्यासाठी सकाळी आलेला माणूस रात्रीपर्यंत बाकावरच बसून राहतो. आमच्या भाषेत याला 'स्टार्व्हेशन' म्हणतात, उपासमार. काम रांगेत आहे, कुणी त्याला नाही म्हटलेलं नाही, पण त्याची पाळीच येत नाही. यावरचा उपायही सोपा आहे. जो जितका जास्त वेळ थांबला, त्याचा नंबर तितका पुढे सरकवायचा. या उपायाचं नाव आहे 'एजिंग'. म्हणजे वय वाढणं! मी हे कॉलेजात शिकले, परीक्षेत लिहून आले, पण आमच्या घरातली रांग मला दिसली नाही.

ती दिसली जून २०१९ मध्ये. आण्णांचे गुडघे बरीच वर्षं दुखत होते. २०१६ मध्येच मी म्हटलं होतं, कमोड बसवून घेऊ, बाथरूमची गुळगुळीत फरशी बदलू, भिंतीला धरायला दांड्या लावू. प्लंबरने सगळं मिळून अठरा हजार सांगितले. आण्णा म्हणाले, "कशाला गं? चालतंय की! दोन माणसांना काय करायचंय?" मी दोनदा सांगितलं आणि सोडून दिलं. पुण्यात माझी नोकरी, माझं घर, माझी धावपळ. तीन वर्षांनी एका पावसाळी सकाळी ते त्याच फरशीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, दवाखान्यातले दिवस, घरी आल्यावर मदतनीस, सगळा हिशेब दोन लाख चाळीस हजारांवर गेला. आणि पैशाचं एक वेळ सोडा, पण रोज पहाटे प्रीतिसंगमावर फिरायला जाणारा माणूस वॉकर धरून खोलीत चालायला लागला.

मुलांनो, हे मी आण्णांना दोष द्यायला सांगत नाही. अठरा हजार माझ्याकडेही होते. मी न विचारता प्लंबर पाठवला असता, तर आण्णा दोन दिवस रागावले असते, एवढंच.

त्या आजारपणात एक चांगली गोष्ट झाली. पडून पडून कंटाळल्यावर एकदा मी त्यांना विचारलं, "आण्णा, बरे झालात की काय करावंसं वाटतं?" ते लगेच म्हणाले, "कोयनानगर एकदा बघावं म्हणतो." नोकरीच्या सुरुवातीला ते तिथे होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप त्यांनी तिथल्या चाळीत अनुभवला होता, तेव्हा त्यांचं वय तेवीस. कराडहून कोयनानगर साठेक किलोमीटर. मी विचारलं, "मग इतक्या वर्षांत गेला का नाहीत?" तर म्हणाले, "काम काय होतं तिथं? उगीच खर्च."

सतरा वर्षं निवृत्त असलेला माणूस साठ किलोमीटरवर गेला नव्हता, कारण तिथे 'काम' नव्हतं!

डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही गेलो. ड्रायव्हरसकट चांगली मोठी गाडी केली, चढायला-उतरायला सोपी. आई, आण्णा, मी. वाटेत पाटणला त्यांचे एक जुने सहकारी राहत होते, त्यांनाही घेतलं. दोघं चाळीसेक वर्षांनी भेटत होते. नेहरू उद्यानातून समोर धरण दिसतं, तिथे बाकावर दोघं दोन तास बसले. त्या पहाटे कोण कुठे होतं, कोण वाचलं, कोण गेलं, हे आण्णांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. परत येताना त्यांनी विचारलं, "गाडीचे किती झाले?" मी खोटं बोलले. म्हटलं, "पंधराशे." खरे बत्तीसशे झाले होते.

तीन महिन्यांनी टाळेबंदी लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आण्णा गेले. ठेवी सगळ्या सुरक्षित होत्या, वारसाची नावं व्यवस्थित, एका कागदाला इकडेतिकडे हलवायला लागलं नाही. पण त्या कोयनेच्या दिवसासारखे आणखी दहा दिवस सहज झाले असते, ते आता कुठल्या बँकेतून काढणार?

त्यानंतर आईच्या बाबतीत मी शहाणी झाले. लगेच नाही, आधी एक चूक केली. मोठ्या उत्साहाने पायाला मसाज करणारं मशीन घेऊन गेले. आईने चार दिवस वापरलं. आता त्याच्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवते. तिला काय हवंय ते मी विचारलंच नव्हतं. आपल्याला जे द्यावंसं वाटतं ते आपण देतो आणि त्याला त्यांची सोय म्हणतो. त्यानंतर आम्ही दोघींनी बसून ठरवलं, की खर्च कशावर करायचा. तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, ते रोज वापरलं जाणार का? आईला ऐकू कमी येत होतं. दोन्ही कानांच्या मशीनची किंमत ऐकून तिने हात जोडले, बहात्तर हजार! मग मी आण्णांचीच वही काढली आणि त्यात मांडून दाखवलं. पाच वर्षं चालली तर दिवसाला चाळीस रुपयांहून कमी. आई म्हणाली, "एवढ्यात तर लिटरभर दूधपण येत नाही." मशीन घेतलं. आता ती फोनवर नातवाशी बोलते. आधी ती नुसतं "हं, हं" म्हणायची आणि आम्हाला वाटायचं तिला बोलायचा कंटाळा आलाय.

दुसरा प्रश्न, नको असलेलं काम कमी होतं का? कपडे धुणं आणि पोळ्या लाटणं आईला आता झेपत नव्हतं. वॉशिंग मशीन घेतलं, पोळ्यांना बाई लावल्या. पण आमटी-भाजी तीच करते, कारण ते तिला आवडतं. आवडीचं काम काढून घेतलं तर सोय होत नाही, माणूस रिकामा होतो.

तिसरा प्रश्न, त्यामुळे माणसं जवळ येतात का? आई आता वर्षातून दोनदा तिच्या बहिणीकडे जाते, गाडी करून. याच्यावर आमचं अजून भांडण चालू आहे. "एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तर झाल्यावर तर फुकट, मग गाडी कशाला?" मी म्हणते, आई, फुकट आहे हे मान्य, पण स्टँडवरची ती उंच पायरी काही अर्धी झालेली नाही.

आणि या तिन्ही प्रश्नांत न बसणारी एक गोष्ट आहे, तिला आम्ही शुद्ध हौस म्हणतो. आमच्या लहानपणी हापूस घरात यायचा तो मे महिना संपताना, भाव उतरल्यावर. आणि आई फक्त कोय चोखायची. आता अक्षय्य तृतीयेला पेटी येते. आई फोडी खाते. कोय मी चोखते.

हे सगळ्यांना परवडतं असं नाही, हे मला माहीत आहे. आपल्याच तुकडीत काही जणांच्या आईवडिलांना पेन्शन नाही. आम्हा खासगी नोकरीवाल्यांनाही सरांसारखी पेन्शन मिळणार नाही. म्हणून आजारपणाची तजवीज आणि वर्षभराचा घरखर्च आधी बाजूला काढावाच. पण त्याच्या वर जे उरतं, ते नुसतं साठवलं म्हणजे जपलं गेलं असंही नाही. बहात्तरला महागाईच्या दराने भागा, किती वर्षांत भाव दुप्पट होणार ते कळतं. सहा टक्के धरले तर बारा वर्षं. सर, ही युक्ती तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत असणार. गुडघ्यांना आणि डोळ्यांना मात्र असा कुठला नियम लावता येत नाही. पैसा बारा वर्षांत अर्धा होईल, पण चढायची ताकद त्याआधीही जाऊ शकते.

तर माझी दोन मागणी आहेत. माझ्या वर्गमित्रांना, मैत्रिणींना: घरी गेल्यावर आईवडिलांना विचारा, त्यांच्या रांगेत सगळ्यात जास्त वर्षं काय थांबलंय. आणि एक स्पष्ट सांगा, की आम्हाला तुमच्या ठेवी नकोत. हे आपण मनात म्हणतो, तोंडाने म्हणत नाही. त्यांना ते ऐकायचं असतं.

आणि सर, बाई, तुम्हाला: तुम्ही आम्हाला वह्यांची कोरी पानं वाया घालवू दिली नाहीत, पाठकोऱ्या कागदांवर गणितं करायला लावलीत. ते आम्ही विसरणार नाही. पण आता स्वतःसाठी एक चांगली, जाड कागदाची, नवी वही घ्या.

शेवटचं सांगते आणि बसते. आण्णा गेल्यावर आम्ही त्यांच्या वह्या काढल्या. डिसेंबर २०१९ च्या पानावर, दूध आणि औषधांच्या मध्ये, त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "कोयना, गाडी. मुलगी म्हणते १५००. तीन हजारांच्या आत नसणार. पैसे वसूल."